कडेवर कोरलेली नावं

पदक हातात आलं की आधी त्याची कड वाचावी. राजाचा मुखवटा, घोडेस्वार, किल्ला, सिंह हे सगळं नंतर. त्या चित्रांची लाखो पदकं निघाली. कडेवरची ओळ मात्र एकाच माणसाची असते. इंग्रजी मोठ्या अक्षरांत आधी शिपायाचा नंबर, मग हुद्दा, मग नाव आणि शेवटी पलटण. ती वाचायला भिंग लागतं, तिरपा उजेड लागतो आणि सवड लागते. पदक सावकाश गोल फिरवत गेलं की अक्षरं एकेक करून पुढे येतात. लष्करी पदकं जमवणारे या ओळीला पदकाचा जीव मानतात. त्यांच्यात वावरल्यावर माझंही मत तेच झालं आहे, आणि त्याचं कारण पैशात मोजण्यासारखं नाही.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली किंवा फौजेच्या कामाला लागली. ७४ हजारांहून अधिक परत आली नाहीत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर या भागांतल्या कितीतरी गावांत आजही शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी दिसते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळा जिल्हा 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतो, तिथले ४६ जण त्या युद्धात पडले. पण या पाट्यांवर बहुतेक ठिकाणी आकडेच आहेत. गेलेला माणूस कोणाचा कोण होता, हे पाटी सांगत नाही.

बसऱ्याच्या स्मारकाचीही तीच कथा. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर वा चिता कुठे हे ठाऊक नाही अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावं तिथल्या दगडावर कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही आली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीखाली एक संख्या आली आणि नावं वहीत राहिली. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये आपल्याच अहवालात ही असमानता मान्य केली. दगडाने नाकारलेलं ते नाव धातूच्या एका कडेवर मात्र सरकारी टाकसाळीने ठोकून दिलं आणि घरपोच पाठवलं. म्हणून ही कड वाचायची.

*

आपल्याकडच्या ट्रंकांमधून सर्वांत जास्त निघते ती पहिल्या महायुद्धाची जोडी. पहिलं 'ब्रिटिश वॉर मेडल': चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं, वजनाला अडीच तोळ्यांच्या आसपास. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा स्वार आणि घोड्याच्या टापांखाली प्रशियाच्या गरुडाची ढाल. फीत मधोमध रुंद नारिंगी, तिच्या दोन्ही अंगांना पांढरी आणि काळी रेघ, काठाला निळा. दुसरं 'व्हिक्टरी मेडल': ब्राँझचं, पंखवाल्या विजयदेवीचं. त्याची फीत म्हणजे पाठीला पाठ लावून ठेवलेली दोन इंद्रधनुष्यं, लाल रंग मधोमध. फितीचा एवढासा कळकट तुकडा हाती आला तरी हा लाल मधला पट्टा ओळखू येतो.

या जोडीला तिसरं पदक म्हणून तारा मिळाला तर गोष्ट पालटते. ब्राँझचा, तलवारी आडव्यातिडव्या घातलेला तारा दोन प्रकारचा. '१९१४ स्टार' हा ऑगस्ट ते नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये असलेल्यांचा. '१९१४-१५ स्टार' हा १९१५ संपेपर्यंत कोणत्याही आघाडीवर पोचलेल्या बाकीच्यांचा. ताऱ्यावरचं नाव कडेवर नसतं, पाठीवर असतं. नुसती जोडी असेल तर माणूस बहुधा १९१६ किंवा त्यानंतर गेला. तारा असेल तर तो पहिल्या फळीतला. ताऱ्यावर 'सिपॉय' आणि चांदीच्या पदकावर 'नाईक' किंवा 'हवालदार' असं सापडलं, तर मधल्या काळात त्याला बढती मिळाली हेही कळतं.

आता समजा, तारा १९१४-१५ चा आहे आणि पलटण आहे १०३, ११० किंवा ११७ मराठा. अशा वेळी जाणकार माणूस हातातलं भिंग खाली ठेवतो आणि थोडा वेळ बोलत नाही. या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. त्या डिव्हिजनच्या तीन ब्रिगेडची नावंच पुणे, अहमदनगर आणि बेळगाव. नोव्हेंबर १९१४ मध्ये ही फौज इराणच्या आखाताच्या वरच्या टोकाशी उतरली, टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने चढत गेली, तेसिफोनला अडली आणि मागे फिरून कुत-अल-अमारात कोंडली गेली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा वेढा चालला. अन्न संपलं, घोडे आणि खेचरं कापून खाल्ली गेली, त्या मांसाला हात लावायला तयार नसलेले शिपाई हाडांवर आले. शेवटी सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली. पुढचा प्रवास वाळवंटातून पायी. त्या वाटेवर आणि छावण्यांत मेलेल्यांची पदकं युद्धानंतर कोकणातल्या आणि देशावरच्या घरी आली. त्यांच्याबरोबर बशीएवढी एक ब्राँझची तबकडीही येई, १२० मिलिमीटरची, ब्रिटानिया आणि सिंहाची. तिच्यावर हुद्दा नसे, फक्त नाव उठावाच्या अक्षरांत. शिपाई असो की जनरल, मेल्यावर सारखे, ही त्यामागची कल्पना.

नाव शोधताना मराठी घरांना एक अडचण हमखास येते. कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं. जाधव हे आडनाव चार तऱ्हांनी सापडतं, पवार तीन. कधी आडनावच नसतं, नुसतं पाळण्यातलं नाव. एकाच पलटणीत एकाच नावाचे पाच-सहा शिपाई असणं नेहमीचंच. म्हणून नंबर महत्त्वाचा. नाव चुकेल, नंबर सहसा चुकत नाही.

*

कराडच्या पुढे एका वाडीत एका आजींनी देव्हाऱ्यातून पदक काढून माझ्या हातावर ठेवलं. टाकांच्या शेजारी ते ठेवलेलं होतं. "ह्ये आमच्या मामंजींच्या बापाचं. बसऱ्याच्या लढाईला गेलं हुतं," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, जरा खालच्या आवाजात: "चांदीचं न्हाई बगा. आमच्या जावंच्या म्हायेरी हाय त्ये चांदीचं हाय. ह्ये तांब्याचं."

पिढ्यान्‌पिढ्या रोज लावलेलं कुंकू कडेवरच्या अक्षरांत भरून बसलं होतं, त्यामुळे ओळ स्वच्छ वाचता आली. नंबर, नाव आणि पुढे 'इंडियन लेबर कोअर'. हे ब्रिटिश वॉर मेडलच होतं, पण ब्राँझचं. लढणाऱ्या शिपायाला चांदी आणि मजूर, हमाल, खेचरवाल्यांना ब्राँझ, असा नियम होता. चांदीची ६५ लाखांच्या घरात निघाली; ब्राँझची सुमारे १ लाख १० हजार. चिनी, माल्टीज आणि हिंदी मजुरांच्या तुकड्यांना ती दिली गेली. याआधीही, १८९५ च्या इंडिया मेडलपासून १९०३-०४ च्या तिबेट मेडलपर्यंत, छावणीतल्या पाणक्याला, डोलीवाल्याला, स्वयंपाक्याला ब्राँझच मिळत असे. रस्ते, रेल्वेचे रूळ, बंदरावरचे धक्के या लोकांनी बांधले. तोफगोळे, रसद, जखमी माणसं यांनी पाठीवर वाहिली. पगार कमी, पदकाचा धातूही हलका.

आजींना मी सांगितलं, की आजी, हे चांदीच्यापेक्षा दुर्मीळ आहे, साठ चांदीच्यांमागे असं एखादंच. त्यांनी पदक परत घेतलं, पदराने पुसलं आणि नातवाला हाक मारून म्हणाल्या, "वाचून दावा म्हणावं ह्यांना, काय काय लिवलंय." नातवाने वहीत ओळ उतरवून घेतली. घरात कोणीच ती आधी वाचलेली नव्हती.

*

सगळ्याच पदकांचं नशीब देव्हारा नसतं. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवार-बुधवारी चाव्या, कुलपं, पितळी दिवे यांच्या राशीत पदकं सापडतात. मुंबईत चोर बाजारात मटन स्ट्रीटवर. तिथे येण्याआधी ती सोनाराकडून सुटलेली असतात, हे त्यातल्या त्यात भाग्य. चांदीची पदकं मोडीत निघण्याचं प्रमाण किती भयंकर होतं, हे जुन्या सराफांशी बोललं की कळतं. दुष्काळात, लग्नात, बियाण्याच्या वेळी तोळ्यावर भाव करून पदक मुशीत गेलं. १९८० च्या जानेवारीत जगभर चांदी भडकली, तेव्हा खुद्द इंग्लंडात घरोघरची वॉर मेडलं वितळवली गेली. शेजारचं ब्राँझचं व्हिक्टरी मेडल मात्र कोणी घेईना म्हणून वाचलं. त्यामुळे बाजारात एकटी व्हिक्टरी मेडलं पुष्कळ दिसतात. प्रत्येक एकट्या व्हिक्टरी मेडलची जोडीदार कधीतरी बांगडी किंवा जोडवं झालेली असू शकते.

पुण्यातल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांचा संग्रह मी पाहिला. ते फक्त मराठा, महार आणि खडकीच्या बाँबे सॅपर्सची पदकं घेतात. त्यांच्याकडे '१११ महार' असं कडेवर लिहिलेलं एक आहे. १९१७ मध्ये उभी राहिलेली आणि युद्धानंतर थोड्याच वर्षांत मोडलेली ही पलटण. तिची पदकं फार थोडी. ते पदक ते स्वतःच्या हाताने दाखवतात, दुसऱ्याला उचलू देत नाहीत.

सुभेदारसाहेबांनी खरं-खोटं पारखायला शिकवलं ते असं. आधी व्हर्नियरने व्यास मोजा, तोही तीन-चार ठिकाणी. मूळ नाव घासून काढून त्यावर एखाद्या गाजलेल्या पलटणीचं नाव कोरलं असेल, तर कड झिजते आणि ३६ मिलिमीटरचे साडेपस्तीस होतात. ओतीव नकलही जरा लहानच निघते, कारण धातू थंड होताना आकसतो. तिच्या पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या दिसतात, घोड्याची आयाळ किंवा राजाची दाढी मऊ, बुळबुळीत वाटते. मग लिपी बघा. महायुद्धाच्या पदकांवर अक्षरं ठोकलेली असतात, सगळी सारख्या खोलीची. त्याआधीच्या हिंदी पलटणींच्या पदकांवर मात्र बऱ्याचदा वळणदार इंग्रजी हस्ताक्षरात कोरलेलं सापडतं. ते पाहून नवखा माणूस खोटं समजून टाकून देतो, आणि तेच अस्सल असतं. १९०८ च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलवर, ज्याच्या मागे खैबरच्या तोंडाशी असलेला जमरूदचा किल्ला आहे, आणखी एक खूण: लंडनच्या टाकसाळीत पाडलेल्याची वरची पकड नक्षीची, कलकत्त्याच्या टाकसाळीतली साधी. शेवटी फीत अतिनील दिव्याखाली धरा. जुना रेशमी किंवा सुती धागा शांत राहतो. हल्लीचा कृत्रिम धागा निळसर पांढरा चमकतो. पण फीत नवी म्हणून पदक खोटं ठरत नाही. फिती विरतात, शिपाई स्वतःच बदलून घेत.

कॅन्टोन्मेंटातल्या शिंप्यांकडच्या नकला हा वेगळा प्रकार. शिपाई खरं पदक घरी जपून ठेवतो आणि परेडला घालायला बाजारातलं घेतो. त्यात फसवणूक काहीच नाही. तीच नकल पुढे कोणी 'आजोबांचं अस्सल' म्हणून विकायला काढतो तेव्हा ती होते.

*

फितींच्या पट्टीचं वाचन ही वेगळी विद्या आहे, आणि मला ती जास्त ओढून घेते. रोजच्या गणवेशावर पदकं लावत नाहीत; त्यांच्या जागी फितींचे छोटे तुकडे एका पट्टीवर ओळीने बसवतात. मानाची फीत बटणांच्या बाजूला, म्हणजे घालणाऱ्याच्या उजवीकडे, आणि तिथून बाहेर उतरत्या क्रमाने. पट्टीवर नाव नसतं, नंबर नसतो. रंगच बोलतात.

सुभेदारसाहेबांनी एक मळकी पट्टी पुढे ठेवली. पाच फिती. पहिली गडद निळा, लाल, फिकट निळा अशी समान तीन पट्ट्यांची: १९३९-४५ स्टार, रंग आरमार, फौज आणि हवाई दलाचे. दुसरी वाळूच्या रंगाची, मधे लाल, एका अंगाला गडद निळी आणि दुसऱ्या अंगाला फिकट निळी रेघ: आफ्रिका स्टार. तिच्यावर आठचा चांदीचा आकडा असता तर माणूस ऑक्टोबर १९४२ नंतर आठव्या आर्मीत होता असं ठरलं असतं. इथे आकडा नाही. तिसरी लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल: इटली स्टार. मग ज्वाळेच्या रंगाची, हिरव्या काठांवर काळी रेघ असलेली डिफेन्स मेडलची, आणि शेवटी लाल-निळी-पांढरी वॉर मेडलची. "ह्यो गडी आफ्रिकेतनं इटलीत गेलाय," साहेब म्हणाले. "आकडा न्हाई म्हंजे केरेन धरायला हरकत न्हाई. तिसरी मराठा असंल. पण नाव न्हाई, तवा शपथ घ्यायची न्हाई."

तिसरी मराठा १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर लढली आणि नंतर इटलीत. याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. मशीनगनच्या मोर्च्यावर ते एकटे चालून गेले, मोर्चा घेतला आणि दुसऱ्या बाजूने आलेल्या गोळ्यांनी कोसळले. माणगाव तालुक्यातल्या या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनिओ नदीवर पहिल्या मराठाचे, जंगी पलटणीचे, शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली आणि परत जाऊन शत्रूचे मोर्चे बंद पाडले. नगर जिल्ह्यातला हा गडी जिवंत घरी आला, तोही व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन.

पट्टीतला खोटेपणाही रंगांतच सापडतो. डिफेन्स मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल एकाच माणसाला मिळत नसे. दोन्ही फिती शेजारी दिसल्या तर पट्टी कोणीतरी मागाहून जुळवली आहे. बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार एकत्र दिसले तरी तेच.

स्वातंत्र्यानंतरची पट्टीही अशीच वाचता येते. १९४७ चं इंडियन इंडिपेंडन्स मेडल म्हणजे एका अंगाला अशोकचक्र, त्यावर ब्रिटिश मुकुट आणि केशरी, पांढऱ्या, हिरव्या फितीची सोबत. दोन राजवटी एकाच चकतीवर भेटल्या त्या इथेच. १९७१ ची पूर्वी स्टार असेल तर माणूस बांगलादेशच्या बाजूला, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिम सरहद्दीवर. शौर्यपदकांत परमवीर चक्राची फीत साधी जांभळी, महावीर चक्राची अर्धी पांढरी अर्धी नारिंगी, वीर चक्राची अर्धी गडद निळी अर्धी नारिंगी. अशोक, कीर्ती आणि शौर्य या तीन चक्रांच्या हिरव्या फितीवर अनुक्रमे एक, दोन आणि तीन नारिंगी रेघा. या सगळ्या चक्रांचं रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांचं. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ईव्ह नावाची मुलगी, विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथली झाली, संस्कृत आणि पुराणं शिकली. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी नव्या देशाच्या पदकांचं काम तिच्याकडे दिलं. परमवीर चक्रावर तिने इंद्राची चार वज्रं घातली, दधीचीच्या हाडांची. पहिलं परमवीर मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा हे तिच्या थोरल्या मुलीचे दीर. दुसऱ्या देशांच्या पदकांवर राजे आणि देवता पुष्कळ आहेत. स्वतःचं हाड देणाऱ्या ऋषीची आठवण इतक्या थोडक्या रेषांत सांगणारं दुसरं पदक मला माहीत नाही.

*

आपल्या मातीचा आणि या पदकांचा संबंध याहून जुना आहे, आणि तो सोपा नाही. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदी शिपायांसाठी काढलेलं सुरुवातीचं पदक, १७८४ चं 'डेक्कन मेडल', पहिल्या इंग्रज-मराठा युद्धासाठी होतं. त्यावर फारसी मजकूर होता आणि ते पिवळ्या गोफात गळ्यात घालत. १८५१ मध्ये मागाहून दिलेल्या 'आर्मी ऑफ इंडिया' मेडलच्या फिकट निळ्या फितीवर चढणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर कितीतरी नावं आहेत ती असई, अडगाव, गाविलगड, अशीरगड, खडकी, पुणे, कोरेगाव, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर यांची. म्हणजे कंपनी मराठ्यांविरुद्ध लढली त्या रणांगणांची. पदकावर १७९९ हे साल आहे, पण त्यातली पहिली लढाई १८०३ ची. आणि ते मिळालं फक्त १८५१ पर्यंत जिवंत राहून अर्ज करणाऱ्याला. १८१८ च्या कोरेगावात लढलेल्या शिपायाने त्यासाठी ३३ वर्षं जगायला हवं होतं. म्हणून हिंदी नावाचं एखादं निघालं की लंडनच्या लिलावात त्याला मोठी किंमत येते. आपण ते परत आणू शकत नसलो, तरी त्यावरची नावं उतरवून ठेवू शकतो. हे काम आपल्याकडे कोणा विद्यापीठाने हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

संग्रह करावा की नाही, यावर माझं मत असं. ज्या घराला पदकाची माहिती आहे तिथून ते पैशाच्या जोरावर काढून आणू नये. शौर्यपदकांच्या बाबतीत तर नाहीच. पण जे भंगारात आलं आहे, ज्याचं घर हरवलं आहे, ते मुशीत जाण्याआधी घेणारा माणूस इतिहासाचं काम करतो, विशेषतः त्याने कडेवरची ओळ जगापुढे ठेवली तर. एका माणसाची तीन पदकं तीन गिऱ्हाइकांना विकणारा मात्र पुसून टाकण्याचं काम करतो. कायदाही लक्षात ठेवावा: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या वयाची झाली आहेत.

या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक उघडली आणि तिच्यात असं काही निघालं, तर ते चिंच-मिठाने किंवा भांड्यांच्या पावडरने घासू नका. घासलं की चमक येते आणि अक्षरं जातात. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा, कड तिरप्या उजेडात धरा, नंबर, हुद्दा, नाव, पलटण जशीच्या तशी वहीत उतरवा, चारही बाजूंनी फोटो काढा. एकाची पदकं एकत्र ठेवा, फिती कितीही फाटलेल्या असोत. माणूस युद्धात गेला असेल तर युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर त्याचं नाव फुकट शोधता येतं. आडनाव सापडलं नाही तर नंबर आणि पलटण घालून पाहा. सापडलेल्या माहितीची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि एक गावच्या शाळेत द्या. गावात ती संगमरवरी पाटी असेल, तर तिच्या शेजारी त्या आकड्यांमागची नावं लावा.